मानहाइमच्या बाजारात मामाच्या गाडीचा डायफ्राम

"चावी माझ्या हातात हाय आणि गाडी चालूच! बॉनेट उघडून स्टॉपचा लिव्हर दाबायला लागतोय बघ." कोल्हापूरहून मामाचा फोन. गाडी १९८३ची मर्सिडीज ३०० डी, जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या भाषेत 'डब्ल्यू १२३'. मी राहतो जर्मनीत श्टुटगार्टजवळ, म्हणजे मामाच्या मते मर्सिडीजच्या कारखान्याच्या दारातच.

भुताटकी नव्हे, व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून केलेली पोकळी. या डिझेल इंजिनाचा इग्निशन बंद करून जीव जात नाही. चावी फिरवली की व्हॅक्यूम इंजेक्शन पंपापर्यंत पोचतो आणि डिझेल तोडतो. दारांची आणि डिकीची कुलुपंही त्याच व्हॅक्यूमवर. त्यामुळे दारातला एखादा डायफ्राम, म्हणजे कुलूप हलवणारं रबर, फाटला तरी इंजिन बंद होईनासं होतं. मामाच्या मेस्त्रीने कुलुपांकडे जाणारी नळी काढून तोंड बंद केलं, इंजिन गप्प! चोर सापडला मामीच्या बाजूच्या दारात. तिथे त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडाही चिकटवून पाहिला. आठवडाभर टिकला.

ऑक्टोबरात मानहाइमला 'वेटेरामा' भरतो, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा अफाट बाजार. सकाळी लोकलने माइमार्क्टच्या मैदानावर उतरलो तेव्हा धुकं होतं, आणि लोक बॅटऱ्या घेऊन खोक्यांत डोकी घालून बसलेले. बीटलचे मडगार्ड, घड्याळांच्या तबकड्या, स्टिअरिंगांच्या माळा. १२३ची गोल हेडलाइटं एका ताडपत्रीवर ओळीने मांडली होती. १९८२च्या बदलानंतर चौकोनी आली, म्हणून मामाला ती उपयोगाची नाहीत. तरी पाच मिनिटं तिथे उभा राहिलोच.

गावही योग्यच. १८८८मध्ये मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बर्था इथूनच नवऱ्याची गाडी घेऊन फोर्झहाइमला निघाली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली आणि झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. कोल्हापूरच्या मेस्त्रीशी तिचं चांगलं जमलं असतं.

तासाभराने फक्त मर्सिडीजचा माल असलेले एक आजोबा सापडले. "डावं पुढचं दार," मी म्हणालो. त्यांनी लगेच एक भाग काढला. मी नंबर ताडून पाहिला, जुळेना. मग माझी ट्यूब पेटली: इथे डावं म्हणजे ड्रायव्हरचं! त्याच्या दारातला भाग वेगळा, कारण बाकीची कुलुपं तिथूनच हलतात. "गाडी भारतातली, स्टिअरिंग उजवीकडे," म्हटल्यावर आजोबा हसले आणि दुसरं खोकं ओढलं.

त्यात एक भाग अगदी कोरा, कंपनीच्या पिवळट डब्यात. मी पाकिटाला हात घातला. आजोबांनी मात्र त्याची नळी तोंडात धरून हवा ओढली आणि टोकावर जीभ ठेवली. जीभ चिकटली नाही. "डबा नवीन, रबर चाळीस वर्षांचं," म्हणाले. मग भंगारातल्या गाडीतून काढलेला एक ओढून पाहिला, तोही गेलेला. शेवटी अलीकडे बनवलेला एक निघाला. तो माझ्याच हातात दिला. मी ओढला, जीभ चिकटली, आणि सोडवताना मला बोलताच येईना. १८ युरो.

"एकच नेताय?" त्यांनी विचारलं. मी ऐटीत "हो" म्हटलं.

पुण्याला जाणाऱ्या मित्राबरोबर डबी पाठवली. पंधरा दिवसांनी मामाचा फोन: "बंद होतीया आता. पण चावी काढल्यावर दोन-तीन सेकंद घेतीया." थोडा थांबला. "आणि डिकीचं कुलूप लागंना झालंय."