गणपतीच्या तोंडावर डर्बी

भाद्रपद जवळ आला की रत्नागिरीत दोनच ठिकाणी रात्रीचे दिवे जळतात, गणपतीच्या कारखान्यात आणि सोनाराकडे. आमची पेढी रामआळीत, मागच्या पडवीत कारखाना. वर्षभर सोन्याचं काम चालतं, पण श्रावण लागला की सगळी चांदी. जास्वंदीची फुलं, दूर्वांच्या जुड्या, केवड्याचं पान, मूषक, मोदकांचं ताट आणि मूर्तीच्या मापाचे मुकुट. मुंबईचे चाकरमानी फोनवर माप कळवतात आणि चतुर्थीच्या आधी हातात हवं म्हणून बजावतात.

2023 साली चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. 3 सप्टेंबरचा रविवार आला तेव्हा एका मोठ्या घराच्या गणपतीचा मुकुट अजून सुट्या पाकळ्यांत पाटावर पडलेला होता आणि सोमवारी सकाळी गिऱ्हाईक येणार होतं. शनिवारी संध्याकाळी आमचे थोरले बंगाली कारागीर माझ्याकडे आले. मी त्यांना दादा म्हणते. बाबांच्या हाताखाली ते आले तेव्हा मी शाळेत होते. दुर्गापूजेला घरी जाण्यापलीकडे त्यांनी कधी सुट्टी मागितलेली मला आठवत नाही.

"ताई, उद्या दुपारी फायनल आहे. मॅच चालू असताना हातात काम नको. रात्री बसून पुरं करून देतो."

फायनल ड्युरांड कप या फुटबॉल स्पर्धेची, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. दोन्ही क्लब कोलकात्याचेच, आणि एकाच शहरातल्या अशा दोन संघांच्या सामन्याला डर्बी म्हणतात. या कपाच्या फायनलला हे दोघे 2004 नंतर पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. दादा ईस्ट बंगालचे. आमचा दुसरा कारागीर, मेदिनीपूरकडच्या दासपूरचा पोरगा, मोहन बागानचा. दोघं एकाच पाटावर बसतात, डाख देताना लागणारी सवागी (टाकणखार) एकाच डब्यातली वापरतात, पण या एका बाबतीत वर्षानुवर्षं एक इंच हलत नाहीत. बाबा म्हणाले, "जाऊ दे. जबरदस्तीनं बसवलेल्या माणसाकडून देवाचं काम करून घेऊ नये." मग मीच पेढीतला टीव्ही कारखान्यात नेऊन लावला.

मला फुटबॉल कळत नव्हता. रविवारी सकाळी पाकळ्यांना कानस मारता मारता दोघांनी मला शिकवलं, म्हणजे भांडता भांडता शिकवलं. मोहन बागान 1889 चा, उत्तर कोलकात्यातला. 29 जुलै 1911 ला आयएफए शील्ड या स्पर्धेच्या फायनलमध्ये त्यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश फौजेच्या संघाला 2-1 हरवलं. अकरापैकी दहाजण अनवाणी खेळले, बूट फक्त सुधीर चटर्जींच्या पायात. पहिला गोल गोऱ्यांनी केला, मग शिवदास भादुडींनी बरोबरी साधली आणि शेवटी शेवटी अभिलाष घोषांनी विजयाचा गोल मारला. मैदानाजवळही पोचू न शकलेल्या लोकांना स्कोअर कळावा म्हणून आकाशात पतंग उडवले होते. धाकटा हे सांगताना उठून उभा राहिला होता. मला वाटलं, दादा मध्येच काहीतरी खोट काढतील. त्यांनी मान हलवली. "ते सगळ्यांचंच, ताई. तेव्हा आम्ही नव्हतोच."

ईस्ट बंगाल निघाला 1 ऑगस्ट 1920 ला. एका सामन्यात मोहन बागानविरुद्ध जोडाबागान क्लबनं शैलेश बोस या पूर्व बंगालच्या खेळाडूला बाहेर बसवलं. त्या क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी रागानं बाहेर पडले आणि त्यांनी आपला वेगळा क्लब काढला. पूर्व बंगालातून पोटासाठी कोलकात्याला आलेल्या माणसांचा क्लब. पुढे फाळणी झाली, लाखो लोक नेसत्या वस्त्रानिशी इकडे आले आणि या क्लबाला वेगळाच अर्थ आला.

दादांचे आजोबा त्यांतलेच, बारिसालचे. कोलकात्याच्या सियालदा स्टेशनच्या फलाटावर त्यांनी बायकामुलांसह दिवस काढले, मग निर्वासितांच्या वस्तीत झोपडी. दादांचा जन्म इकडचा. बारिसाल त्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्या वडिलांनाही ते आठवत नसे. पण वडील पोराला खांद्यावर घेऊन लाल-पिवळ्या झेंड्याखाली उभे राहायचे आणि तिथे आजूबाजूची माणसं बारिसालची, ढाक्याची, फरिदपूरची भाषा मोठ्यानं बोलत असायची. बाहेर त्या बोलीला लोक हसायचे. ग्राउंडवर कोणी हसत नसे.

हे ऐकून मी हातातली वही खाली ठेवली. आपल्याकडे माणूस चाळीस वर्षं परळला काढो, गणपतीला तो गावच्या घरात येतोच. घर पडकं असलं तरी चौथरा असतो, वाडीतली माणसं नावानं हाक मारतात. दादांना तसं यायला गावच उरलं नाही. उरला तो क्लब. मग त्याच्या हरण्या-जिंकण्यानं माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, याचं नवल कसलं?

आणखी एक गोष्ट मला त्याच दिवशी कळली. दादा दरवर्षी 16 ऑगस्टला रक्तदान करतात. मी समजत होते, स्वातंत्र्यदिनाच्या निमित्तानं करत असतील. 1980 साली त्या तारखेला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात स्टँडमध्ये हाणामारी आणि चेंगराचेंगरी झाली आणि 16 प्रेक्षक गेले. दोन्हीकडचे. त्यांच्या स्मरणार्थ कोलकात्यात दरवर्षी त्या दिवशी रक्तदान होतं. दादा ते इथे, घरापासून इतक्या लांब, एकटे पाळतात. कोणाला सांगत नाहीत.

मॅच सुरू झाली तेव्हा मुकुटाच्या पाकळ्या तारेनं बांधून तयार होत्या, डाख द्यायचा, म्हणजे सांधे झाळायचे, बाकी होतं. पूर्वार्ध कोरा गेला. मध्यंतर होताच दादा उठले, पुढ्यात मुकुट घेतला आणि ज्योत लावली. चांदीचं काम ज्यानं केलं नाही त्याला हे कळणार नाही. चांदी उष्णता धरून ठेवत नाही, एका जागी दिलेली आच क्षणात सगळीकडे पळते. म्हणून सबंध मुकुट एकसारखा तापवावा लागतो, ज्योत सतत फिरती ठेवून. सवागी आधी फुगून पांढरी होते, मग काचेसारखी पातळ होते, आणि तेवढ्यात डाख पाण्यासारखा सांध्यात धावतो. त्या क्षणी हात एवढासा रेंगाळला तर पाकळीची कड वितळून गोळा होते. मागे टीव्हीवर पन्नास-साठ हजारांचा आवाज घुमत होता. दादांनी मधला सांधा धरला, मग डावा, मग उजवा. मी श्वास रोखून उभी होते. संघ मैदानात परत आले तसा त्यांनी गॅस बंद केला. "आता नाही. आता हातावर माझा भरवसा नाही."

उत्तरार्धात मोहन बागानच्या अनिरुद्ध थापाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. समोर दहाच उरले. दादा पुढे सरकून बसले. ऑगस्टमध्येच, ओळीनं आठ डर्बी हरल्यावर, ईस्ट बंगालनं याच स्पर्धेत मोहन बागानला नंदकुमारच्या गोलवर 1-0 हरवलं होतं. जिंकल्यावर ईस्ट बंगालवाले इलिश मासा खातात. रत्नागिरीच्या बाजारात पावसाळ्यात इलिश कुठला मिळायला, दादांनी त्या रात्री मिळेल त्या माशावर भागवलं होतं. आता कप समोर दिसत होता आणि प्रतिस्पर्धी दहाच.

71 व्या मिनिटाला दिमित्री पेत्रातोस चेंडू घेऊन निघाला आणि बॉक्सच्या बाहेरूनच त्यानं डाव्या पायानं मारला. गोल. धाकट्याच्या तोंडून आवाज फुटला, पण त्यानं दादांकडे बघितलं आणि तो तसाच अर्ध्यावर गिळला. उरलेला सगळा वेळ ईस्ट बंगालनं दहाजणांवर हल्ले केले, काही उपयोग झाला नाही. 1-0. मोहन बागानचा 17 वा ड्युरांड कप. त्याआधी दोघांच्या कपांची 16-16 अशी बरोबरी होती, तीही गेली.

दादा बराच वेळ ऐरणीवर हात ठेवून बसले. मग उठले, सदरा चढवला, पिशवी घेतली आणि छत्री उघडून बाहेर पडले. मला वाटलं, एकटे फिरून येतील. तासाभरानं परतले ते पिशवीत टपोरी कोळंबी घेऊन. नारळी पौर्णिमा होऊन चारच दिवस झाले होते, नुकत्याच होड्या जायला लागल्या होत्या, मिरकरवाडा बंदरावर भाव कडक होता. पैसे स्वतःचे घातले. मोहन बागान जिंकला की मोहन बागानवाल्यांच्या घरी कोळंबी शिजते, आणि इथे या पोराचं घर नाही, म्हणून.

"जिंकलेल्यानं उपाशी झोपायचं नसतं," एवढंच ते धाकट्याला म्हणाले.

आमच्याकडे श्रावण, मासळी वर्ज्य. त्यांची खोली माडीवर वेगळी, चूलही वेगळी. आईनं दोन नारळ खवून, वाटून त्याचा रस काढला आणि भांडं वर पाठवलं. हळद, आलं आणि नारळाच्या रसातली ती कोळंबी दादांनी स्वतः रांधली आणि वाढली. आपल्या ताटात त्यांनी नुसता डाळभात घेतला. धाकट्यानं एक कोळंबी उचलून त्यांच्या भातावर ठेवली. दादांनी ती परत त्याच्या ताटात सारली. हे बराच वेळ चाललं. शेवटी कोणी खाल्ली ते मला माहीत नाही, मी जिना उतरून खाली आले.

दहाच्या सुमाराला दोघं कारखान्यात उतरले. राहिलेले सांधे झाळले, मुकुट उजाळला, वरचं जास्वंदीचं फूल बसवलं. कामात कोणी चकार शब्द काढला नाही. मध्यरात्रीनंतर दिवा विझला. सोमवारी सकाळी गिऱ्हाईकानं मुकुट हातात घेऊन उलटसुलट पाहिला, सांधा शोधला, सापडला नाही. घडणावळ न घासता दिली.

तेव्हापासून पेढीच्या ऑर्डरवहीत मी या डर्बीच्या तारखा आधीच लिहून ठेवते. त्या दिवशी कोणाला माल द्यायचा शब्द देत नाही. गिऱ्हाईक विचारतं, त्या दिवशी सण आहे का? मी हो म्हणते.