खुब्याचं ऑपरेशन दोनदा का करावं लागलं?

खुब्यावर दुर्बिणीचं ऑपरेशन दोनदा झालंय असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी घोळ घातला?’ तुमच्या बहिणीचंही एकदा हे ऑपरेशन झालंय, आणि तिचं निमित्त काढून तुम्हीही तेच विचारलंत. मग जरा सविस्तर सांगते.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत फिरतो. वाटीच्या काठाला लेब्रम नावाची लवचिक कड असते, नळाच्या वायसरसारखी, सांध्यातलं वंगण आत धरून ठेवणारी. माझ्या हाडाला गोळ्याच्या मानेपाशी उंचवटा होता. पाय दुमडला की तो काठावर घासायचा, त्यात कड फाटली. या घासण्याचा आणि पुढे होणाऱ्या संधिवाताचा संबंध स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गांझ या हाडांच्या डॉक्टरांच्या गटाने २००३ साली नीट मांडला. हाडं तीच जुनी, समज मात्र अगदी अलीकडची! पहिल्या वेळी माझी कड टाचली आणि उंचवटा तासला.

काही महिने छान गेले. मग एकदा मोजा घालताना जांघेत तीच ओळखीची कळ आली.

पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याची जी कारणं सापडतात, त्यांत उंचवटा पुरता न तासला जाणं हे अगदी वरचं. ऐकायला निष्काळजीपणा वाटतो. पण लहान छिद्रांतून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, गोल हाडाचा आकार ठरवायचा असतो, आणि मागच्या बाजूला हत्यार सहज पोहोचत नाही. शिवाय हात राखून काम करण्यालाही कारण आहे. कमी तासलं तर पुन्हा तासता येतं. जास्त तासलं तर हाड कमजोर होऊन मोडू शकतं, कडेची पकड सुटते, आणि गेलेलं हाड परत बसवता येत नाही. हे समजल्यावर माझा पहिल्या डॉक्टरांवरचा राग बराच उतरला. सगळा नाही.

इतरही कारणं असतात. कधी कड आणि सांध्याभोवतीचं आवरण एकमेकांना चिकटतं. कधी आत शिरताना कापलेलं ते आवरण नीट जुळत नाही आणि सांधा सैल वाटतो. सगळ्यात वाईट म्हणजे दुर्बिणीने मुळातच भागणार नाही अशा खुब्यावर ती घातली जाणं. वाटी उथळ असेल तर नुसती कड टाचून भागत नाही, वाटीच फिरवून बसवण्याचं मोठं ऑपरेशन लागू शकतं. आणि एक्स-रेत सांध्यातली फट २ मिलिमीटरच्या आत आली असेल, तर हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, म्हणजे कुर्चाच, झिजलेली असते. तिथे पुन्हा दुर्बीण घालून फारसं हाती लागत नाही, गाडी सांधेबदलाकडेच जाते.

म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी आधी तारीख दिली नाही, इंजेक्शन दिलं. सांध्यात भूल देणारं औषध सोडलं आणि म्हणाले, ‘आता जे केल्यावर दुखतं ते सगळं करून या.’ मी जिने चढले-उतरले, उकिडवी बसले. दोन तास कळ गायब! म्हणजे दुखणं कंबरेतून येत नव्हतं, सांध्यातच होतं. मग सीटी स्कॅनच्या त्रिमितीय चित्रात उरलेला उंचवटा दिसला. दुसऱ्या वेळी तो काढला, चिकटलेलं सोडवलं. कड शाबूत होती, नाहीतर दुसरीकडची पट्टी घेऊन नवी करावी लागली असती.

बरं वाटतंय का? हो. पण दुसऱ्या ऑपरेशनने बहुतेकांना फरक पडला तरी पहिल्याच फटक्यात बरे झालेल्यांइतका तो सहसा पडत नाही, हे मला आधीच सांगितलं होतं. मोजे घालता येतात, पळणं सोडलंय, लांबच्या प्रवासात तासाभराने उठून उभी राहते.

बहिणीला सांगा, पहिल्या ऑपरेशनचे कागद आणि आतले फोटो मागून घे. मी ते मागायला तीन महिने लाजत होते.