दिवसा लावलेला दिवा

जुलैमधल्या एका सकाळी ताम्हिणी घाटात, समोरच्या ट्रकला ओलांडणारी मोटार थेट माझ्या बाजूला आली आणि मी दुचाकी कडेच्या चिखलात उतरवली म्हणूनच वाचलो. पुढे जाऊन थांबलेला तो चालक धावत परत आला आणि "तुम्ही खरंच दिसला नाहीत" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माझा त्याच्यावर विश्वास बसला. माझी दुचाकी जुनी, पुढच्या दिव्याला चालू-बंद करायचे बटण असलेली. धुके असूनही, दिवस आहे म्हणून मी दिवा लावलाच नव्हता, आणि अंगावर करडा रेनकोट होता.

समोरून येणारी दुचाकी म्हणजे पाहणाऱ्याच्या दृष्टीने एक अरुंद उभी रेघ असते. ती सरळ आपल्याच दिशेने येत असली, तर डोळ्यांत तिचा आकार बराच वेळ जवळजवळ वाढत नाही आणि अगदी जवळ आल्यावर एकाएकी मोठा होतो. शिवाय मोटारीच्या काचेच्या कडेचा खांब तिला अख्खी झाकू शकतो. दुभाजकाच्या फटीतून उजवीकडे वळणारा चालक रस्ता मोकळा समजतो तो यामुळेच. लॉस एंजलिसमधील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी करून संशोधक हॅरी हर्ट यांनी १९८१ साली जो अहवाल दिला, त्यात दुसरे वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अपघातांत त्या वाहनाच्या चालकानेच मोटारसायकलची वाट अडवली होती.

मलेशियाने १९९२ मध्येच दुचाकींना दिवसा दिवा लावण्याची सक्ती केली. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तरीही कितीतरी दिवस लोक पंजा उघडमीट करून "लाइट चालू आहे" असे कळवत राहिले, आणि बॅटरी उतरेल ही शंका तर मी आजही ऐकतो. चालत्या इंजिनावर बॅटरी भरत राहते; सुस्थितीतल्या गाडीला या दिव्याचे ओझे होत नाही.

मात्र दिवा डिपरवरच, म्हणजे खाली झुकलेल्या झोतावरच असावा, हा माझा आग्रह आहे. अप्परचा झोत समोरच्याला दिपवतो, आणि दिपलेल्या डोळ्यांना दुचाकीचे अंतर कळत नाही. मुळात एकट्या दिव्यावरून वेगाचा अंदाज करणे अवघडच असते; दिवा आपल्याकडे लक्ष वेधतो, पण समोरचा थांबेल याची हमी देत नाही. म्हणून चौकात वेग कमी करणे आणि ट्रकच्या मागे चिकटून न चालणे, ही कामे आपल्याकडेच राहतात.

२०१७ पूर्वीच्या दुचाकी अजूनही रस्त्यावर आहेत, त्यांतली एक माझी. आता निघण्यापूर्वी मी दिव्याच्या काचेवरचा चिखल पुसतो, बटण दाबतो आणि समोर हात धरून उजेड पडला की नाही ते पाहतो.