तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ गाव कुठलं?

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, मोजदाद नाही. लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या बाई विचारतात, एसटीत शेजारी बसलेल्या आजी विचारतात, लेकीच्या सासरच्यांनी पहिल्या भेटीत हेच विचारलं. मी सांगते, भोसरी. समोरचं माणूस जरा थांबतं आणि म्हणतं, "ते झालं हो, पण मूळ गाव?"

तुम्हीही परवा तेच विचारलंत. तेव्हा घाईत होते, आज नीट सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी आणि आईने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. विहिरीला पाणी नव्हतं, गोठ्यात जनावर राहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी चुलत मामाच्या ओळखीने दादा भोसरीत आले, एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि उस्तादाच्या मागे उभं राहून, बघून बघून लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, शिकले. १९७४ साली लांडेवाडीतल्या भाड्याच्या खोलीत माझा जन्म झाला. माणमधलं घर नंतर पडलं, वाटणीला आलेली जमीन आत्याच्या लग्नात गेली. मी तिथे आयुष्यात चार-पाच वेळा गेले असेन. त्या गावाबद्दल मनात आदर आहे. पण डोळे मिटल्यावर दिसतं ते भोसरीच.

आमचं शहर, पिंपरी-चिंचवड, माझ्याहून चारच वर्षांनी थोरलं. पेनिसिलीन बनवणारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पिंपरीत १९५४ ची, औद्योगिक वसाहती उभारणारी एमआयडीसी १९६२ ची. एकेक करत कारखाने येत गेले, माणसं येत गेली आणि १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली. महानगरपालिका झाली १९८२ साली, मी तेव्हा दुसरीत होते. शहर आणि मी बरोबरच मोठे झालो. रस्ते आमच्यासमोर डांबरी झाले, नळ आमच्यासमोर आले.

लहानपणीचं सगळ्यात ठळक काही सांगायचं तर गुरुवार. पुण्याच्या या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी सुट्टी घेतली तर इतर दिवशी विजेवर ताण येतो, म्हणून भागाभागाला वेगळे वार वाटून दिलेले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. शाळेला सुट्टी रविवारी, दादांना गुरुवारी. रविवारी आम्ही घरी असायचो तेव्हा दादा मशीनवर, आणि गुरुवारी दादा घरी तेव्हा आम्ही वर्गात. त्यामुळे गुरुवारी शाळा सुटली की आम्ही चाळीतली सगळी पोरं अक्षरशः पळत घरी यायचो. बाकी गावांत मटण रविवारी शिजतं. आमच्याकडे गुरुवार दत्ताचा, आईचा उपास, म्हणून मटण बुधवारी रात्री. अख्ख्या चाळीत बुधवारी संध्याकाळी पाटा-वरवंट्याचे आवाज सुरू व्हायचे.

आणि गुरुवारची शांतता! एरवी रात्रंदिवस पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपचे ठोके चालूच. ठोक्यांची इतकी सवय की गुरुवारी सकाळी आवाज नसल्यामुळेच जाग यायची. मग दारात उन्हाला बसून आई दादांचा तळवा मांडीवर घ्यायची आणि सुईने लोखंडाच्या चिपा काढायची. केसाएवढ्या बारीक, कातडीत रुतून काळ्या पडलेल्या. दादा तोंडाने हूं की चूं करत नसत. माझं काम काढलेली चिप बशीत ठेवायचं. एका गुरुवारी मी सात मोजल्या होत्या.

दादांची कामाची पाळी दर आठवड्याला बदलायची. फर्स्ट, सेकंड, नाइट. नाइटचा आठवडा आम्हा मुलांना अवघड, कारण दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा दादा झोपलेले. आई खिडकीला घोंगडी बांधायची. आम्ही अभ्यास ओट्यावर करायचो आणि घरात आलो की खुणेने बोलायचो. चाळीतल्या कुठल्याही दारात घोंगडी दिसली की पोरं आपोआप लांब जाऊन खेळायची, कुणाला सांगावं लागायचं नाही. एकमेकांच्या झोपेची एवढी काळजी घेणारी वस्ती मी नंतर पाहिली नाही. आमच्या एका बाजूला जळगावकडचं कुटुंब, अहिराणी बोलणारं. दुसऱ्या बाजूला लातूरचं. मागच्या खोलीत केरळचे दोन भाऊ, टायपिस्ट. पण नाइट सगळ्यांची सारखीच.

एक गोष्ट सांगितली नाही तर हा हिशेब अर्धवट राहील. आमच्या घरमालकीण आजी भोसरीच्याच, पिढ्यान्पिढ्यांच्या. त्यांची शेती एमआयडीसीत गेलेली. एकदा मी त्यांना सांगत होते, आमचे दादा एमआयडीसीच्या टी ब्लॉकात कामाला आहेत म्हणून. आजी म्हणाल्या, "ठाऊक हाय. माझ्या बाजरीत तुझ्या बापाचं मशीन उभं हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि लगेच मला शेंगा दिल्या. पण ते वाक्य माझ्यातून कधी गेलं नाही. भोसरी माझं मूळ गाव म्हणताना मला त्या बाजरीची आठवण ठेवावी लागते. ती ठेवूनच म्हणते.

ते मशीन मी पहिल्यांदा पाहिलं सात वर्षांची असताना, खंडेनवमीला. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडत. आदल्या पाळीला सगळ्यांनी मशीनं डिझेलने पुसलेली, फरशीवरचं तेल लाकडाच्या भुशाने टिपलेलं. एचएमटीचा लेथ, हिरव्या रंगाचा, नग पकडणाऱ्या चकला झेंडूची माळ, शेजारी फडक्यावर मायक्रोमीटर, व्हर्नियर ही मोजायची हत्यारं आणि स्पॅनर मांडलेले, सगळ्यांना हळदकुंकू. दादा पांढऱ्या टोपीत. त्यांनी मशीनच्या डोक्यावर, हेडस्टॉकवर, तळवा ठेवला आणि मला म्हणाले, "हात लाव. आज थंड आहे." मी हात लावला. आईने मशीनला नमस्कार केला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. का, ते मला खूप पुढे कळलं. खडी फोडणाऱ्या माणसाच्या हाताखाली कंपनीने एवढी किमती वस्तू विश्वासाने दिली होती.

वर्षातून एकदा गाव आमच्याकडे यायचं, ज्येष्ठात. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी पुणे-मुंबई रस्त्याने पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्याकडे जाते. आम्ही नाशिक फाट्याला जाऊन उभे राहायचो. फर्स्ट शिफ्टची माणसं तासाभराची सवलत मागून गेटबाहेर, हातात केळी, बिस्किटं, पाण्याचे पिंप. तेलकट डांगरी घातलेली माणसं वारकऱ्यांच्या पायावर डोकं ठेवत आणि वारकरी त्यांच्या. एका म्हाताऱ्या वारकरी मावशीने मला जवळ घेऊन विचारलं, "गाव कंचं बाळा?" मी भोसरी म्हटलं. मावशी "बरं" म्हणाल्या आणि बुक्का लावून पुढे गेल्या. आयुष्यात हे उत्तर कुणी पहिल्या झटक्यात मान्य केल्याचा तो एकच प्रसंग.

दिवाळीत उलटं. एसटी स्टँड भरून वाहायचा, बोनसच्या पैशांचे नवे कपडे, खोकी, ट्रंका, खिडकीतून आत टाकलेले रुमाल. चाळ दोन दिवसांत रिकामी. आमच्यासारखी चार-दोन घरं मागे राहायची. लोकांच्या कुलपांवर आम्ही लक्ष ठेवायचो, त्यांच्या तुळशींना पाणी घालायचो. मला ते दिवस आवडायचे. सगळं शहर जणू आमच्या हवाली केलेलं.

१९९३ साली, बारावी झाल्यावर, मी टी ब्लॉकातल्याच एका शेडमध्ये इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार मालाची मापं तपासायला, लागले. वीसेक माणसं, दुचाकीचे सुटे भाग करणारा छोटा कारखाना. मला मायक्रोमीटर कसा धरायचा तेही माहीत नव्हतं. तिथल्या ज्येष्ठ इन्स्पेक्टर काकांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "तुमच्या वेणीतला एक केस काढा." मी काढला. त्यांनी तो मायक्रोमीटरच्या तोंडात धरला, टोकाचं रॅचेट फिरवलं. कट, कट, कट. तीन आवाज झाले की थांबायचं, जास्त आवळायचं नाही. फिरत्या नळीवर, थिंबलवर, सातवी रेघ. "एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मायक्रॉन म्हणजे हजारावा. तुमचा केस सत्तर मायक्रॉनचा. आणि ही पंचवीस मिलिमीटरची पिन आहे ना, हिला मापात सूट फक्त वीस मायक्रॉनची. केसाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी." त्या दिवसापासून मी जगाकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. दादांचा तळवा, त्यातल्या चिपा आणि ते किती बारकाईचं काम करत होते याचा मेळ मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बसला.

त्याच शेडमध्ये दादांच्या वयाचे एक मामा लेथवर होते. एकदा नाइटला त्यांच्या मशीनचा कुलंटचा, म्हणजे नग गार ठेवणाऱ्या पाण्याचा, पंप बंद पडला. डिस्पॅच सकाळी होता, म्हणून त्यांनी कुलंटशिवाय, कट कमी करून तीनशे पिना काढल्या. प्रत्येक पिन मोजून काढली. मी सकाळी जाडी तपासायचं स्नॅप गेज लावलं तर नो-गोच्या, म्हणजे पिन जाऊच नये अशा, फटीत ती आरामात आत जायची. पिन बारीक. दुसरी घेतली, तीही बारीक. मामांचा चेहरा उतरला, म्हणाले, "ताई, मी एकेक मोजलीय." आणि त्यांनी खरंच मोजली होती, पण गरम असताना. गरम लोखंड फुगलेलं असतं. पंचवीस मिलिमीटरची पिन चाळीस अंशांनी थंड झाली की दहा-बारा मायक्रॉनने आकसते. रात्री बरोबर असलेलं माप सकाळी चुकलं. जाड पिन पुन्हा ग्राइंड करता येते, बारीक झालेली फक्त भंगारात जाते.

मी लॉटला लाल चिठ्ठी लावली. माझे हात थरथरत होते. या माणसाने मला लहानपणी खांद्यावर बसवून पालखी दाखवली होती. मामा काही बोलले नाहीत. तीनशे पिना त्यांनी स्वतः क्रेटमध्ये भरून रिजेक्शनच्या कोपऱ्यात नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले, पिन पाण्यात बुडवून गार केलेली, फडक्याने पुसलेली. "ताई, पहिला पीस बघा." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी माझ्याकडून पास झाल्याशिवाय एकही लॉट सुरू केला नाही. लोक म्हणतात कारखान्याने माणूस यंत्र होतो. मी जिथे वाढले तिथे तरी उलटं पाहिलं.

सगळं चांगलंच होतं असं सांगणार नाही. आमच्या चाळीतल्या एका काकांची दोन बोटं पॉवर प्रेसने नेली. सुरक्षेचा गार्ड काढून प्रेस चालवायला लावलेला, नग जास्त निघावेत म्हणून. त्यानंतर गणपतीत ते प्रसाद डाव्या हाताने द्यायचे आणि प्रत्येकाला "चालेल ना?" विचारायचे. पुढे नव्वदीच्या शेवटी मंदी आली, ओव्हरटाइम बंद झाला, कित्येक घरांत स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. दादांच्याही. त्या संध्याकाळी त्यांनी सायकल आत घेतली, घंटी पुसली आणि न जेवता झोपले. मला त्यांच्यासाठी आजही वाईट वाटतं. काम चोख करणाऱ्या माणसाला त्याची गरज संपल्याचं एका कागदावर कळू नये.

आता मेट्रो झाली. २०२२ च्या मार्चमध्ये पिंपरी ते फुगेवाडी सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम दादांना घेऊन गेले. नाशिक फाट्याशी गाडी उंचावरून जाते, तिथून त्यांना सगळं दिसलं. रस्त्याच्या कडेला जिथे पालखी बघायला उभे राहायचो ती जागा, पत्र्याची छपरं, त्यांच्यामध्ये उगवलेले टॉवर. दादा काच धरून उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मी अजून टी ब्लॉकातच आहे, दुसऱ्या शेडमध्ये. आता संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं आहेत, पिना मोजण्याआधी थंड व्हायला वेळ देण्याचा नियम भिंतीवर लिहिलेला आहे, तो मीच लिहून घेतला. मागच्या बुधवारी मी दादांसाठी एक पिन घरी आणली. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, मशीनच्या आवाजाने कान गेलेत, पण बोटं शाबूत आहेत. त्यांनी पिन उजेडाकडे धरली, मग अंगठ्याचं नख तिच्यावरून आडवं फिरवलं, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"फिनिश चांगलाय," म्हणाले. "कुठली गं ही?"

"टी ब्लॉकातली, दादा."

ते "हां" म्हणाले आणि पिन सदऱ्याच्या खिशात ठेवली.