आरोप लिंगभेदाचा, शिक्षा पेन्सिलीने

ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं आहे. सबळ कारणाशिवाय दांडी मारली तर केंद्रीय निवडणुकीनंतर 20 डॉलर दंडाचं पत्र घरी येतं. त्यामुळे नेत्यावर रुसलेल्या मतदाराला घरी बसून राग काढता येत नाही. शाळेच्या हॉलमधल्या पुठ्ठ्याच्या आडोशात उभं राहून पेन्सिलीने काहीतरी लिहावंच लागतं. बायकांशी वाईट वागल्याचा ठपका बसलेल्या नेत्याला मतदार नेमकी कधी शिक्षा करतो, ते या पेन्सिलीपाशीच कळतं.

कनिष्ठ सभागृहाच्या हिरव्या मतपत्रिकेवर फुली मारायची नसते, प्रत्येक उमेदवारासमोर पसंतीचा आकडा लिहायचा असतो. आठ उमेदवार असतील तर 1 ते 8. भारतात बटण दाबायची सवय असलेले नवे नागरिक कधी कधी नुसता 1 लिहून बाहेर येतात आणि मत बाद होतं. त्यात न्यू साउथ वेल्सच्या राज्य निवडणुकीत नुसता 1 चालतो, त्यामुळे सिडनीकरांचा गोंधळ ठरलेला. मोजणीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

आधी लेबर पक्षाच्या ज्युलिया गिलार्ड. 2010 साली त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. मार्च 2011 मध्ये कार्बन कराविरुद्ध संसदेबाहेर सभा झाली, तिथे लिबरल पक्षाचे विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट ज्या फलकांसमोर उभे राहून बोलले, त्यांतल्या एकावर पंतप्रधानांना चेटकीण म्हटलं होतं. 9 ऑक्टोबर 2012 रोजी याच अ‍ॅबट यांनी सभापतींच्या बायकांविषयीच्या अश्लील मेसेजवरून त्यांना हटवण्याचा ठराव आणला. गिलार्ड उठल्या आणि पंधरा मिनिटं बोलल्या: या माणसाकडून स्त्रीद्वेषावर प्रवचन मी ऐकून घेणार नाही. भाषण जगभर फिरलं. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी शब्दकोशाने ‘मिसॉजिनी’चा (स्त्रीद्वेषाचा) अर्थ ‘द्वेषा’पुरता न ठेवता ‘रुजलेला पूर्वग्रह’ असा रुंद केला.

पण घरच्या मैदानात चित्र वेगळं होतं. कॅनबेराच्या पत्रकारांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं ते मुख्यतः सभापतींना वाचवण्याच्या सरकारच्या खटपटीबद्दल. ठराव एका मताने पडला आणि सभापतींनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. त्याच दिवशी गिलार्ड सरकारने एकट्या पालकांचा, म्हणजे बहुतांशी आयांचाच, भत्ता कापणारं विधेयक सिनेटमध्ये मंजूर करून घेतलं. आरोप करणाऱ्याच्या पदरात काय आहे, हेही मतदार बघतोच. जून 2013 मध्ये गिलार्डना त्यांच्याच पक्षाने उतरवलं. ऑगस्टच्या प्रचारात अ‍ॅबट यांनी लिंडसे मतदारसंघातल्या आपल्या उमेदवार फिओना स्कॉट यांच्या गुणांत ‘सेक्स अपील’ मोजलं, दोन दिवस टिंगल झाली, आणि सप्टेंबरमध्ये स्कॉट निवडून आल्या. अ‍ॅबट यांनी 150 पैकी 90 जागा जिंकल्या. पहिल्या मंत्रिमंडळात एकच स्त्री घेतली, आणि महिला खातं स्वतःकडे ठेवलं!

म्हणजे नुसत्या आरोपाने फारसं काही हलत नाही. आरोप बोचतो तो नेत्याबद्दल आधीच मनात असलेल्या शंकेला चिकटला तर, आणि त्यावर नेता जे बोलतो त्यातून ती शंका घट्ट झाली तर.

पुढचे एक लिबरल पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांचं तेच झालं. फेब्रुवारी 2021 मध्ये एका माजी महिला कर्मचाऱ्याने संसद भवनातच, मंत्र्याच्या कार्यालयात, आपल्यावर बलात्कार झाल्याचा आरोप जाहीर केला. आरोप पंतप्रधानांवर नव्हता. पण दुसऱ्या दिवशी ते म्हणाले की रात्री पत्नीशी बोललो, तिने एक बाप म्हणून विचार करायला सांगितलं. त्याशिवाय सुचलं नसतं का, असा प्रश्न लगेच आला. 15 मार्चला देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. संसदेबाहेरच्या मोर्चाला सामोरं जायला मॉरिसन बाहेर आले नाहीत. वर सभागृहात म्हणाले की इथून फार लांब नसलेल्या देशांत अशा मोर्चांना गोळ्यांनी उत्तर मिळतं, इथे तसं होत नाही. लोकशाहीची थोरवी सांगायची होती म्हणे! ऐकणाऱ्यांना ऐकू आलं ते एवढंच, की गोळ्या घातल्या नाहीत हे नशीब समजा. 2019 च्या वणव्यांत हवाईला सुट्टीवर गेलेला माणूस ही प्रतिमा आधीच होती, लशींना उशीर झाला होता. हे वाक्य त्याच खात्यावर जमा झालं. म्हणूनच 2022 मध्ये सत्ता गमावणाऱ्या मॉरिसन यांच्या घसरणीतला किती वाटा लिंगभेदाच्या ठपक्याचा, हे वेगळं काढता येत नाही, आणि कुणी टक्केवारी छातीठोकपणे सांगत असेल तर जपून.

मोजमाप मात्र होतं. ऑस्ट्रेलियन इलेक्शन स्टडी ही पाहणी 1987 पासून प्रत्येक केंद्रीय निवडणुकीनंतर होते. तीत मतदारांना विचारतात: नेता प्रामाणिक, विश्वासार्ह, सहृदय, सक्षम वाटतो का, आणि तुम्हाला तो किती आवडतो, दहापैकी गुण द्या. मॉरिसन 2019 मध्ये 5.1 वर होते, 2022 मध्ये 3.8 वर आले. मोठ्या पक्षाच्या नेत्याला तोवर मिळालेले ते सर्वांत कमी गुण. त्यांच्या लिबरल-नॅशनल आघाडीला 38 टक्के पुरुषांनी मत दिलं, बायकांनी 32 टक्के. 1990 च्या दशकात बायकांचा कल याच आघाडीकडे थोडा जास्त असायचा.

आता पुन्हा पेन्सिल. मेलबर्नचा कूयाँग हा मतदारसंघ म्हणजे लिबरल पक्षाचा वाडा, खासदार खुद्द अर्थमंत्री जॉश फ्रायडनबर्ग. त्यांच्यावर असा काही ठपका नव्हता. तिथली लिबरल घरं लेबरला मत देणं अवघड. 2022 मध्ये त्यांना तिसरी वाट मिळाली: मोनिक रायन, मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर, अपक्ष, प्रचाराचा रंग मोरपंखी. पहिल्या पसंतीत फ्रायडनबर्ग सुमारे 43 टक्के, रायन सुमारे 40. आपल्याकडे इथेच गुलाल उधळला असता. पण लेबर आणि ग्रीन्सची प्रत्येकी सात टक्क्यांच्या आतली मतं पसंतीक्रमाने रायनकडे वळली आणि त्या सुमारे 53 टक्क्यांवर जिंकल्या. अशा सहा नव्या अपक्ष स्त्रिया त्या दिवशी लिबरल पक्षाच्या भरवशाच्या जागांवर निवडून आल्या. हवामानबदल हा त्यांचा पहिला मुद्दा, राजकारणातली सचोटी आणि स्त्रियांची सुरक्षितता हे सोबतचे.

पक्ष यातून किती शिकला? पुढचे नेते पीटर डटन. 2016 मध्ये त्यांनी एका महिला पत्रकाराला चेटकीण म्हणणारा मेसेज चुकून तिलाच पाठवला होता. त्यांनी माफी मागितली आणि प्रकरण मिटलं. 2025 च्या प्रचारात सरकारी कर्मचाऱ्यांनी पाचही दिवस कार्यालयात यावं असं धोरण आलं. मुलांना शाळेतून आणायचं कुणी, असं विचारल्यावर बायकांना जॉब-शेअरिंगचा, म्हणजे एकच नोकरी दोघांत वाटून घेण्याचा, पर्याय आहे, असं डटन म्हणाले. 7 एप्रिलला चूक कबूल करून धोरण गुंडाळलं. 3 मेच्या मतदानात निवडणूक गेलीच, डटन यांची स्वतःची जागाही गेली. दहा दिवसांनी लिबरल खासदारांनी 29 विरुद्ध 25 मतांनी सुझन ली यांना निवडलं, पक्षाच्या पहिल्या महिला नेत्या. लेबर पक्षाने उमेदवारीत स्त्रियांचा कोटा 1994 मध्येच आणला होता.