लेकरांना सीपीआर शिकवताना माझा अनुभव

जिंतूर तालुक्यातल्या एका हायस्कूलात मी विज्ञान शिकवते. नववी-दहावीला सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवायचा प्रथमोपचार, शिकवायचं म्हणलं तर हेडसर लगेच हो म्हणले, अडलं ते सरावाच्या पुतळ्यावर. धडधाकट माणसाच्या छातीवर प्रॅक्टिस करायचीच नसते, इजा होते. ओळखीच्या सिस्टरनं एका दिवसापुरता पुतळा मिळवून दिला, बाकीच्यांसाठी गोण्यात कापूस ठासून भरला. गोणी पुतळ्यावानी उसळत नाही, पण कोपर ताठ, खांदे बरोबर हाताच्या वर, एवढं तरी अंगवळणी पडतं.

मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, आणि दरवेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पुतळ्यात नीट दाबलं की टक् वाजतं. एक काडीपैलवान पोरगा नुसत्या हातानं रेटायला लागला, काही वाजेना, दम लागला, मग गुडघे जवळ घेऊन अंगाचा भार टाकला तर टकाटक सुरू! एकजण म्हणला मॅडम बरगडी मोडली तर? मोडू शकते, तरी थांबायचं नाही. तोंडानं श्वास म्हणलं की सगळे खिदळले, पण आपल्याकडं विहिरी, शेततळी आहेत, बुडालेल्याला श्वास लागतातच, म्हणून 30 दाब अन् 2 श्वास हेही करून घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो घोरण्यावर. दहावीतली एकजण म्हणली, आमचे आबा पडले तर घोरल्यावानी करत होते, सगळे म्हणले श्वास चालूय, झोपू द्या. हृदय बंद पडल्यावर असे तुटक आचके येतात, तो श्वास नसतो, हलवून हाक मारून ओ दिली नाही अन् श्वास नीट नसला की सुरूच करायचं. मग मी तसा आवाज काढून दाखवला, लेकरांकडून पण काढून घेतला.

नंतर गर्दीचं नाटक केलं. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवायला, कुणी तोंडात पाणी ओतायला, हे काही शिकवावं लागलं नाही! एका पोरीला ‘सरका बाजूला’ म्हणायचं होतं तर आवाजच फुटेना, मोठ्या माणसांना कसं बोलू म्हणती. शेवटी एकाकडं बोट करून ओरडली, ओ मामा, तुम्ही 108 ला लावा, स्पीकरवर ठेवा! नंबर सगळ्यांना पाठ, पण कोणत्या फाट्यावरून आत वळायचं हे नीट सांगता येईना, म्हणून ते वहीत लिहून घेतलं.

पुढच्या खेपेला पालकांना अन् आशाताईंना पण बसवणार आहे, कारण गावात खरा कांदा घेऊन पळणारी मोठी माणसंच असतात.