एका लेखाची मजुरी

फेब्रुवारीत तासगावकडचा एक मुलगा माझ्याकडे आला. नुकताच पदवीधर झालेला, मराठी छान लिहिणारा. म्हणाला, "ताई, मलापण ब्लॉग सुरू करायचाय. तीन महिन्यांत पगाराएवढं मिळायला लागतंय म्हणे." मी हळद, द्राक्ष आणि बेदाण्यावर लिहिते आणि माझं घर आता त्यावर चालतं, एवढं त्याच्या कानावर आलं होतं. त्याआधीची वर्षं त्याला कुणी सांगितली नव्हती. मी म्हटलं, "उद्या सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डात ये. एक लेख कसा तयार होतो ते बघ, मग ठरव."

नव्या हळदीची आवक सुरू झाली होती. खरेदीदार ढिगातलं हळकुंड उचलून मोडत होते, आतला रंग बघत होते, मोडतानाचा आवाज ऐकत होते. मला एकच गोष्ट हवी होती: एकाच गावची, दोन्ही राजापुरी जातीची, तरी एका ढिगाला दर जास्त आणि शेजारच्याला कमी का? अडत्या म्हणाला पॉलिश नीट नाही. खरेदीदार म्हणाला शिजवताना कच्ची राहिली. ज्याचा माल होता तो शेतकरी बराच वेळ गप्प होता. चहा घेताना त्याने सांगितलं, मजूर मिळेनात म्हणून पुरती वाळायच्या आत पोती भरली. मला हवं ते हेच होतं. मुलगा हळूच म्हणाला, "हे गुगलवर सापडलं असतं की." मी म्हटलं, "तिथं आहे तेच परत लिहिलं तर माणूस आपल्याकडं कशाला येईल?"

दुपारी हरिपूरला गेलो. तिथली हळद साठवायची जमिनीखालची पेवं 2005 च्या महापुरात बरीच निकामी झाली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फोटोला आधी नाही म्हटलं. तासभर त्यांचं ऐकत बसलो, तेव्हा ते स्वतःच उठून जागा दाखवायला आले. लेखात त्यातली दोन वाक्यं आली असतील. ओली पाच क्विंटल हळद शिजवून, वाळवून जेमतेम एक क्विंटल भरते. माझ्या टिपणांचंही तसंच होतं.

संध्याकाळी लेख लिहून झाला, पण मी तो टाकला नाही. हळद किती वेळ शिजवायची याबद्दल तिघांनी तीन आकडे सांगितले होते. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रात विचारल्याशिवाय मी एकही आकडा छापणार नव्हते. मुलाने विचारलं, "मग आजचे किती मिळाले?"

"आजचे काहीच नाहीत."

मग मी त्याला कमाईचं पान उघडून दाखवलं. सगळ्यात जास्त पैसे देणारे लेख जुने होते, द्राक्षावरच्या भुरी आणि डाऊनी या रोगांचे. ऑक्टोबर छाटणीच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेले. पहिल्या हंगामात ते कुणी फारसे वाचले नाहीत. रोग दिसल्यावर लिहायला बसलं तर लेख शोधात वर येईपर्यंत हंगाम सरतो. ब्लॉगवरच्या जाहिरातींचे पैसे गुगलच्या ॲडसेन्सकडून येतात; त्याचे शंभर डॉलर जमल्याशिवाय बँकेत पैसे येत नाहीत, आणि मराठी वाचकामागे जाहिरातीचा दर इंग्रजीच्या मानाने फार कमी. माझे पहिले शंभर जमायला वर्षाहून जास्त गेलं. तोवर मी एका अडत दुकानात हिशेब लिहीत होते आणि रात्री लेख. औषधवाल्यांचे पैसे घेऊन फवारणीचा सल्ला मी तेव्हाही दिला नाही. चुकीच्या फवारणीत बागायतदाराचं वर्षाचं पीक जातं. ते माझ्याच्याने बघवणार नाही.

तो बराच वेळ बोलला नाही. त्याला एका शीतगृहात नोकरी मिळत होती आणि ती तो नाकारणार होता, हे तेव्हा कळलं. मी म्हटलं, "नोकरी धर. आणि मला सांग, तुमच्या शेडवर बेदाणा काळा का पडतो?"

मग तो बोलायला लागला. द्राक्षाची काढणी, वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण, शेडमधली हवा, ऐन वाळणीत आलेला पाऊस. मी वही त्याच्यापुढे सरकवली. "हेच लिही. पण द्रावणाचं प्रमाण नक्की कर."

त्याने तिथूनच चुलत्याला फोन लावला. चुलते म्हणाले, "फोनवर काय सांगू? उद्या माल बुडवायचाय, शेडवर ये आणि डोळ्यानं बघ." दुसऱ्या दिवशी तो परत माझ्याबरोबर सौद्याला येणार होता. तो बेत त्याने मोडला आणि पहाटेच्या तासगाव एसटीची वेळ विचारून घेतली.